इंटर्नला जुनं घर दाखवा

बी.आर्क.चा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा. त्यातलं एक सत्र विद्यार्थ्यानं वर्गाबाहेर, नोंदणीकृत वास्तुविशारदाच्या हाताखाली काढायचं असतं. तसा वास्तुकला परिषदेचा नियमच आहे. बहुतेक मुलांचा ओढा मुंबई-पुण्याच्या मोठ्या ऑफिसांकडं असतो. तिथं टॉवर असतात, मॉल असतात, नाव असतं. जिल्ह्याच्या गावात राहून बंगले आणि रो-हाउस काढणाऱ्याकडं मुलं फारशी वळत नाहीत. वळावीत, असं मला मनापासून वाटतं.

पण तिथं जाऊन त्यांनी करायचं काय, यावर शिकवणारे आणि व्यवसाय करणारे यांचं एकमत नाही. दोन्ही बाजू मी बरीच वर्षं ऐकत आलो आहे. इथं त्या दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. दोघं एकाच वर्गात शिकली. ती आता कॉलेजात शिकवते, तो सांगलीत घरं काढतो. त्याच्याकडं चौथ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उमेदवारीला आहे आणि तिची पाहणी करायला बाई साइटवर आल्या आहेत. बंगल्याच्या पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग चालू आहे. मुलगी त्यांना मॅडम आणि सर म्हणते. आपणही तेच म्हणू.

मॅडम : हिची डायरी वाचली मी. ‘सरांबरोबर साइटवर गेले.’ ‘सरांबरोबर क्लायंटकडे गेले.’ पानोपान तेच. अरे, ही तुझ्यामागं फिरायला आलीय का? पोर्टफोलिओत काय लावणार ती?

सर : तुम्ही तिच्याकडनं एवढी वर्षं शीटच काढून घेतली की. संग्रहालय झालं, बस स्थानक झालं, सांस्कृतिक केंद्र झालं. राहायच्या घराचा प्लॅन तिनं सुरुवातीला कधीतरी एकदा केला, आणि त्यातली माणसंही कागदावरची. इथं खरी माणसं आहेत. आधी बघू दे तिला. टेबलाशी बसवलं तर दारं-खिडक्यांचं शेड्यूल करत सत्र संपेल. ते काम माझा ड्राफ्ट्समन तिच्यापेक्षा झटपट करतो.

मॅडम : बघून काय कळतं? हातानं काढायला बसलं की समजतं, आपण नीट बघितलंच नव्हतं.

सर : लाइनआउटच्या दिवशी काय झालं ते विचार तिला.

मुलगी : मॅडम, गवंडीमामांनी कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर. मग त्या दोन खुणांमध्ये टेप धरला आणि पाच फूट भरतंय का बघितलं. भरलं तेव्हा म्हणाले, ‘आता गुण्यात आहे, फक्की मारा.’ पायथागोरसचा सिद्धांत मला पाठ होता. त्यानं घराचा कोपरा धरतात हे तिथं दिसलं.

मॅडम : छान आहे. पण डायरीत नाही. डायरीत ‘लाइनआउट बघितलं’ एवढंच आहे. त्या दोऱ्यांचं स्केच का नाही? पाच फूट भरलं नसतं तर कुठली दोरी हलवली असती, ते विचारलंस का त्यांना?

मुलगी : नाही विचारलं.

मॅडम : मग हे बघणं अर्धंच राहिलं.

इथं मला बाईंची बाजू पटते. आपल्याकडं कारागिराचं काम बघायला जाणारा शिकलेला माणूस कौतुक करून परत येतो. प्रश्न विचारत नाही, कारण गवंड्याला प्रश्न विचारायची आपल्याला सवय नाही. गवंडी मात्र विचारलं की भरभरून सांगतो. ओळंबा कधी फसवतो, कचीतल्या मालाला आणि वाळूतल्या मालाला पाणी वेगवेगळं का लागतं, कुठल्या महिन्यात गिलावा तडकतो, हे सगळं त्याच्याकडं आहे आणि बहुतेक ते कुठं लिहिलेलं नाही.

सर : बरं, काढायचंच म्हणतेस तर जिना तिनंच काढलाय. समोर दिसतोय ना, त्याचंच सेंट्रिंग चाललंय. मजल्याची उंची दहा फूट. तिनं सहा इंचाच्या वीस पायऱ्या धरल्या.

मॅडम : वीस? सात इंचाच्या सतरांत बसलं असतं. हॉलला जागा मिळाली असती.

सर : मालकही तेच म्हणाले. नियमातही बसतं. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या पायरीला 190 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेसात इंच उंची देते. मीही सतराच करणार होतो. पण ही म्हणाली, सर, वीसच ठेवू या.

मुलगी : पहिल्या मीटिंगला आम्ही त्यांच्या आत्ताच्या घरी गेलो होतो. सर आणि काका प्लॉटचं बोलत होते. साइड मार्जिन, एफएसआय, असलं. मी गप्प बसले होते. आजी माडीवरनं खाली येत होत्या. प्रत्येक पायरीवर त्या दोन्ही पाय टेकवत होत्या. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी. मग पुढची पायरी. त्या घरातली पायरी मी नंतर मोजली, पावणेआठ भरली. देवघर वर असणार असं काका म्हणाले होते. म्हणजे आजी रोज वर जाणार.

मॅडम : हे डायरीत आहे?

मुलगी : नाही मॅडम. हे लिहायचं असतं असं वाटलं नाही.

सर : बघ, हेच मी म्हणत होतो. माझ्याबरोबर गप्प बसून होती म्हणून आजी दिसल्या. मी त्याच खोलीत होतो. मला दिसल्या नाहीत.

मॅडम : मान्य. पण वीस पायऱ्यांचा कागद तिनं केला तेव्हा त्या बघण्याचा काहीतरी उपयोग झाला. तू मला बघणं दाखवतोयस, मी तुला कागद दाखवतेय. दोन्ही एकत्र कधी होतात, ते तू ठरवायला हवंस, तिनं नाही. ती अजून विद्यार्थिनी आहे.

सर : त्या मीटिंगमधलं मी तिला एकच शिकवलं. घरात स्वयंपाक कोण करतं, हे विचारायचं आणि ज्या करतात त्यांना उभं करून ओट्याची उंची घ्यायची. सासूबाईंना बत्तीस इंच बरे वाटतात, सुनेला चौतीस. मालकांना विचारलं तर म्हणतात, ‘जी स्टँडर्ड असेल ती ठेवा.’

मुलगी : मी त्यांना विचारलं, पावसाळ्यात धुणं कुठं वाळत घालता? कुणालाच लगेच सांगता येईना. मग सून म्हणाली, हॉलमधल्या खुर्च्यांवर.

मॅडम : आणि प्लॅनमध्ये?

मुलगी : मागच्या बाजूला चार फुटांचा झाकलेला पट्टा घेतलाय.

आता पैशाचा मुद्दा. तो निघाला नाही अशी एकही चर्चा मी ऐकलेली नाही.

मॅडम : स्टायपेंड देतोस का हिला?

सर : पुढच्या महिन्यापासून. सुरुवातीला शिकवण्यातच माझा वेळ जातो. आणि बाळकृष्ण दोशींची गोष्ट तूच सांगायचीस की. आपल्या पुण्यात जन्मलेला माणूस. 1951 साली पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात शिरले तेव्हा पहिले आठ महिने पगार नव्हता. त्यांना 2018 साली प्रित्झकर पारितोषिक मिळालं.

मॅडम : दोशींनी ते सोसलं म्हणून आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे. ज्यांना आठ महिने बिनपगारी राहणं परवडलं नाही आणि जे परत गेले, त्यांची नावं कुणी सांगत नाही. ही मुलगी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलीय. इथं खोलीचं भाडं देते, मेसचे पैसे देते. तुझ्या साइटवर रोज टेप धरते. जिना तिचा म्हणून आत्ता तू मला अभिमानानं दाखवलास. तो जिना मालकाच्या बिलात आहे की नाही?

सर : आहे.

मॅडम : मग तिच्या हातात काहीतरी पडलंच पाहिजे. थोडे दे, पण पहिल्या महिन्यापासून दे. आणि दुसरं. साइटवर बाथरूम कुठं आहे?

सर : सेप्टिक टँकचं काम झालं की तात्पुरतं...

मॅडम : हिला विचार ती काय करते.

मुलगी : मी सकाळी पाणी पीत नाही, मॅडम. खोलीवर गेल्यावर पिते. माल वाहणाऱ्या मावशी पलीकडच्या उसाच्या फडात जातात.

सर : माझ्या लक्षातच आलं नाही. लाइनआउटच्या आधी पत्र्याचं बाथरूम उभं राहील. यापुढं प्रत्येक साइटवर. मुकादमाच्या कामात पहिली ओळ तीच.

यावर वाद नकोच. बांधकामावर बायका पिढ्यान्पिढ्या राबत आल्या आहेत आणि ही सोय कुठल्याही घराच्या खर्चात सहज बसते. इंटर्न मुली साइटवर यायला लागल्यावर ही गोष्ट आर्किटेक्टला दिसत असेल, तर माल वाहणाऱ्या बायकांकडं इतकी वर्षं कुणी बघितलं नाही एवढाच त्याचा अर्थ. ते आता तरी दुरुस्त व्हावं.

मॅडम : मला खरं बोलायचंय ते वेगळंच. घराला पहिल्या भेटीपासून गृहप्रवेशापर्यंत किती वेळ लागतो?

सर : दीड वर्ष. दोन धर. बिगरशेतीचा प्रश्न असेल तर आणखी.

मॅडम : आणि हिचं एक सत्र. म्हणजे एकही घर तिला पुरतं दिसणार नाही.

सर : म्हणून तर मी तिला तुकडे दाखवतो. एका घराची पहिली मीटिंग, दुसऱ्याची परवानगी, तिसऱ्याचं जोतं, चौथ्याचा स्लॅब, पाचव्याची फरशी. पाच घरं मिळून एक घर तिला पूर्ण दिसतं.

मॅडम : अजून अपूर्णच आहे. तुझ्या यादीत सहावं घर नाही. तू दहा वर्षांपूर्वी बांधलेलं.

सर : ...तिथं काय दाखवू?

मॅडम : माणसं कशी राहतात ते. हे बघ, मी मुलांना बेलापूरला नेते. चार्ल्स कोरिया यांची आर्टिस्ट्स व्हिलेज. 1980च्या दशकातलं काम. सात-सात घरं एका अंगणाभोवती आणि प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावं. लोकांनी वाढवलं. कित्येकांनी मूळ घर पाडून मजले चढवले. आमची मुलं तिथं जाऊन काय करतात? मूळ कौलारू घर शोधत फिरतात. सापडलं की फोटो. वाढवलेल्या घराकडं पाठ. मी ओरडून सांगते, अरे, कोरियांनी वाढ होणार हे धरूनच आखलं होतं. वाढलेलं घर बघा, त्यातलं काय कोरियांनी हेरलं होतं आणि काय त्यांच्याही हिशेबाबाहेर गेलं ते बघा. इंदूरचं अरण्य हे गृहसंकुलही तसंच. दोशींनी बहुतेकांना जोतं आणि संडास-मोरीचा गाभा दिला, बाकीचं घर लोकांनी जमेल तसं उभं केलं. 1995 साली त्याला आगाखान पुरस्कार मिळाला तो त्या बांधत जाण्यालाही होता.

सर : ती मोठ्या लोकांची मोठी कामं. माझ्या बंगल्यात कोण काय बघणार?

मॅडम : तुझ्या बंगल्यातच जास्त दिसेल. बेलापूरवर पुस्तकं आहेत. तुझ्या घरांवर काहीच नाही. गेला आहेस का तू परत?

सर : वास्तुशांतीला जातो. जेवतो, शर्ट-पीस घेतो, येतो. त्यानंतर फोन येतो तो गळतीचा. तुला वर्गात बसून कळायचं नाही गं. जुन्या क्लायंटच्या दारात उभं राहायचं म्हणजे ‘या साहेब, बघा तुमचं काम’ हे ऐकायची तयारी लागते. त्यातलं निम्मं माझं नसतं. गच्चीला ढाळ मी दिलेला असतो, त्यांनी वर टाकी बसवून पाणी अडवलेलं असतं. हे इंटर्नसमोर कशाला?

मॅडम : इंटर्नसमोरच. डॉक्टर ऑपरेशननंतर पेशंटला परत बोलावतात, शिकाऊ डॉक्टरांसमोर टाके बघतात. आपण मात्र फीचा शेवटचा हप्ता मिळाला की फाइल बंद करतो.

मुलगी : सर, एक दाखवू? डायरीच्या मागच्या पानांवर आहे. तुमचं घर नाही. मी राहते ते. कुणी काढलंय ते काकूंना आठवत नाही.

तिनं दाखवलेली पानं शाळकरी वहीतल्यासारखी आहेत. पेन्सिलीनं काढलेला तळमजल्याचा प्लॅन आणि वर लाल पेनानं बदल. सांगलीत नदीच्या बाजूला राहिलेल्या कुणालाही त्या लाल रेघा लगेच वाचता येतील. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. पूर 2005 सालीही आला होता आणि 2021 साली पुन्हा आला.

मुलगी : हे घर 2005 नंतर बांधलं. जोतं तेव्हाच्या पाण्याच्या अंदाजानं उचललं होतं. 2019 ला पाणी खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आलं. काकूंनी भिंतीवर खूण ठेवलीय, मी ती मोजली. मग काय बदललं ते असं. मीटर आणि सगळे स्विचबोर्ड छातीच्या वर नेले. ओट्याखाली प्लायच्या ट्रॉल्या होत्या, त्या फुगल्या, फेकून दिल्या, आता कडप्प्याच्या फळ्या आहेत. कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे ठेवतात. जिना हॉलमधनं होता, तो तसाच आहे, पण बाहेरनं लोखंडी जिना घातला, कारण पूर आला की वर राहायचं आणि होडी बाहेरच्या बाजूनं लागते. गच्चीवर एक खोली, गॅस आणि मोरी. 2021 ला ती वापरली. एरवी ती मला भाड्यानं दिलीय.

सर : हे तू कधी केलंस?

मुलगी : रविवारी. तुम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून दाखवलं नाही.

सर : या बंगल्याच्या हॉलमध्ये मी स्विचबोर्ड कुठं दाखवलेत?

मुलगी : तळाचे पॉइंट फरशीपासून एक फुटावर, सर.

सर : बदलू. आजच सांगतो इलेक्ट्रिशियनला, विटकाम व्हायच्या आत.

मॅडम : मला डायरीत हे हवं होतं.

सर : ठीक आहे. माझी जुनी घरं तिला दाखवतो. पुढच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी घेऊन जातो.

मॅडम : तू नको जाऊस.

सर : म्हणजे?

मॅडम : तू समोर असलास की माणसं एक तर गोड बोलतील, नाही तर भांडतील. तिला एकटीला जाऊ दे. तू फक्त फोन करून सांग, आमची मुलगी येतेय, तिला मोकळेपणानं सांगा. ती टेप आणि तुझा मूळ प्लॅन घेऊन जाईल. काय बुजवलं, काय फोडलं, कुठं जाळी लावली, कुठल्या खोलीत कुणी जात नाही, हे लाल पेनानं काढेल. आणि तो कागद तुला देईल.

सर : सगळं काढेल?

मॅडम : सगळं. तुला न आवडणारं आधी.

सर : (मुलीला) माझ्या 2011 पासूनच्या फायली ऑफिसात आहेत. तीन घरं तू निवड. मी निवडली तर बरी झालेलीच निवडेन.

मुलगी : गळणारी घेऊ का, सर?

सर : एक तरी घे.

संवाद इथं थांबवतो. मला कुठली बाजू पटते ते उघड सांगायला हवं. सत्राचा बराचसा काळ वास्तुविशारदाच्या मागंच जावा. मीटिंगला गप्प बसावं, गवंड्याजवळ उभं राहावं, जे दिसलं त्याचा कागद करावा. मोठ्या ऑफिसात एकाच इमारतीच्या संडासाचं डिटेल काढत बसलेल्या मुलांना हे मिळत नाही. म्हणून घरं काढणाऱ्या छोट्या ऑफिसात जाणं मला मोलाचं वाटतं. पण सत्राचे शेवटचे आठवडे त्याच वास्तुविशारदाच्या जुन्या घरांसाठी राखून ठेवावेत, आणि तिथं त्यानं सोबत जाऊ नये. घर चुकलं कुठं हे त्याच्याशिवाय गेलेल्या विद्यार्थ्यालाच ऐकायला मिळतं, आणि तो कागद परत आला तर वास्तुविशारदालाही उपयोगी पडतो.

कॉलेजांना यासाठी नवा नियम लागणार नाही. डायरीत आणि पोर्टफोलिओत एक भाग वाढवला की झालं : त्याच वास्तुविशारदाचं निदान पाच वर्षं वापरात असलेलं एक घर, मूळ प्लॅन आणि आजचा प्लॅन शेजारी-शेजारी. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न विचारा. मूळ प्लॅन द्यायला जो वास्तुविशारद तयार नसेल, त्याच्याकडं विद्यार्थी पाठवू नका. स्टायपेंड पहिल्या महिन्यापासून आणि साइटवर बाथरूम, या अटी पत्रात लिहून घ्या.

आणि वाचकांनो, तुमचं घर कुणा वास्तुविशारदानं काढलेलं असेल आणि काही वर्षांनी एखादी विद्यार्थिनी टेप घेऊन दारात आली, तर तिला आत घ्या. पुढची खोली दाखवून परत पाठवू नका. पोपडे आलेली भिंत दाखवा, पावसात फुगणारं दार दाखवा, ज्या बाल्कनीला तुम्ही काच लावलीत ती का लावलीत ते सांगा. वास्तुविशारदाची भीड धरू नका. तिला ओट्याशी उभी करा आणि घरात जी बाई रोज तिथं उभी राहते, तिला बोलू द्या.